वळिवड्याला राहून गेलेल्यांचा देश

प्रति,
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन
मा. अभिरक्षक, कोल्हापूर वस्तुसंग्रहालय (टाऊन हॉल)
मा. विभागप्रमुख, इतिहास विभाग, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर

स. न. वि. वि.

टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात मराठीतून एक व्याख्यान-अभ्यासक्रम सुरू व्हावा, दरवर्षी एका देशाचा वारसा आणि संस्कृती तिथे शिकवली जावी, आणि पहिलं वर्ष पोलंडला द्यावं, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. साधा अर्ज देऊनही हे मागता आलं असतं. पण या विषयावर आधी गावात बोलणं व्हावं असं मला वाटतं, म्हणून उघड लिहिते.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आमच्या वर्गात पोलंड येतो तो एका वाक्यापुरता. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटलं. त्या वाक्यानंतर पोलंड पुस्तकातून नाहीसा होतो. मुलं तारीख पाठ करतात, रिकाम्या जागा भरतात, मार्क मिळवतात. याच मुलांच्या घरी लग्न ठरलं की बस्ता बांधायला सगळं घर गांधीनगरला जातं. ती कापडाची पेठ ज्या जमिनीवर वसली आहे, तिथेच, वळिवड्याच्या छावणीत, त्या एका वाक्यातल्या देशाची हजारो माणसं १९४३ ते १९४८ या काळात राहत होती, हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा माना वर करतात. मग प्रश्न येतात. ती माणसं कोण होती? काय खायची? त्यांची शाळा कुठली? परत गेली का? तास संपतो आणि प्रश्न उरतात. ते उरलेले प्रश्न घेऊन मी तुमच्याकडे आले आहे.

कोल्हापूरकरांना वळिवड्याची गोष्ट ठाऊक नाही असं नाही. महावीर उद्यानात १९९८ साली उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश थडगी आहेत. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे अभिवादन केलं तेव्हा आपल्याकडे चौकाचौकांत तो विषय निघाला. पण ही गोष्ट आपण सांगतो कशी, ते एकदा कान देऊन ऐकावं. आपण आसरा दिला. आपल्या संस्थानात त्यांची छावणी झाली. आपल्या माणसांनी त्यांना भाजी, दूध, कापड पुरवलं, काही दुकानदार तर मोडकंतोडकं पोलिश बोलायला लागले. यातलं काहीही खोटं नाही, आणि मलाही त्याचा अभिमान आहे. मात्र प्रत्येक वाक्यात करणारे आपणच. पाहुण्याला ओसरी दिली, पाणी दिलं, आणि ‘तुम्ही कुठले?’ हे विचारायचं तेवढं राहून गेलं, तसं झालं आहे.

ते कुठले, हे सांगायचं तर नकाशा उघडावा लागतो. १ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर १६ दिवसांनी, १७ सप्टेंबर १९३९ ला, सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरल्या. वळिवड्याला आलेली बहुतेक कुटुंबं या पूर्व भागातली. १० फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार मोठ्या लाटांत शेतकऱ्यांची, वनरक्षकांची, शिक्षकांची, सैनिकांची कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात आणि उत्तरेच्या जंगलांत नेली गेली. जून १९४१ मध्ये हिटलर सोव्हिएत संघावरच उलटला. मग ३० जुलैला लंडनमध्ये पोलंडचं परागंदा सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. सुटका म्हणजे काय, तर उपाशी, आजारी माणसांनी मिळेल त्या गाडीने दक्षिणेकडे निघायचं. जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर १९४२ मध्ये ती माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. तिथून कुणी आफ्रिकेत गेलं, कुणी मेक्सिकोत, कुणी न्यूझीलंडला आणि काही आपल्याकडे आली. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी मुलांसाठी छावणी काढली होती. वळिवड्याची वस्ती तिच्यापेक्षा बरीच मोठी, सुमारे ५,००० माणसांची. त्यात बायका आणि मुलंच जास्त, कारण कर्ते पुरुष सैन्यात होते, नाही तर वाटेतच गेले होते.

छावणी म्हटलं की तंबू डोळ्यांसमोर येतात. इथे बराकींच्या रांगा होत्या. चर्च होतं, दवाखाना होता, शाळा होत्या, स्काउटची पथकं होती, रंगमंचावर नाटकं होत होती. कोल्हापूरजवळच्या माळावर एक पोलिश गाव पाच वर्षं नांदलं.

या गोष्टीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग इथे सगळ्यात कमी सांगितला जातो. युद्ध संपलं तरी यांतल्या बहुतेकांना घरी जाता आलं नाही, कारण घर आता पोलंडमध्ये उरलंच नव्हतं. १९४५ मध्ये मोठ्या राष्ट्रांनी पोलंडचा नकाशा उचलून पश्चिमेला सरकवला. ज्या गावांतून या माणसांना गाडीत घातलं होतं, ती गावं सोव्हिएत संघात गेली. आज ती युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनिया या देशांत आहेत. ज्या राजवटीने आपल्याला उचलून नेलं, तिच्याच छायेत परतायचं की अनोळखी देशात नवा संसार मांडायचा, हा प्रश्न वळिवड्याच्या बराकींत घरोघरी चर्चिला गेला असणार. थोडे परतले. पुष्कळ जण इंग्लंडला आणि आणखी दूरच्या देशांत गेले.

आणि त्या बराकींत मग कोण राहायला आलं? सिंधी कुटुंबं. १९४७ साली आखलेल्या रेषेने ज्यांची घरं पलीकडे गेली, ती माणसं. दोन वर्षांच्या अंतराने दोन खंडांत दोन रेषा आखल्या गेल्या आणि दोन्हींनी बेघर केलेली माणसं एकामागून एक त्याच छपरांखाली येऊन राहिली. एका देशाचा वारसा शिकताना देश म्हणजे नेमकं काय, जमीन की भाषा, घर की आठवण, हा प्रश्न टाळता येत नाही, आणि तो इतक्या थेटपणे विचारणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. तिथे जायला पासपोर्ट लागत नाही. केएमटीची बस जाते. गांधीनगरातल्या वयोवृद्ध सिंधी व्यापाऱ्यांना या अभ्यासक्रमात श्रोते म्हणून बोलवाच, पण एका दिवशी त्यांना व्याख्यात्याच्या खुर्चीत बसवा, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

छावणीतल्या शाळांत पोलिश मुलं आपली भाषा, आपला इतिहास, आपल्या कवींच्या कविता शिकत होती. त्यांतली कित्येक इतकी लहान होती की पोलंड त्यांना धड आठवतही नसणार. घर सुटलं तेव्हा कडेवर असलेली मुलं वळिवड्याला लिहायला-वाचायला शिकली. त्यांच्या शिक्षिकांनी, हाताशी पुरेशी पुस्तकं नसताना, आठवणीतून तो देश त्यांच्यापुढे उभा केला. मीही शिक्षिका आहे, त्यामुळे या बायकांचा विचार मनातून जात नाही. स्वतः सगळं गमावून आलेल्या बाईने सकाळी उठून, केस विंचरून, फळ्यावर नदीचं नाव लिहायचं, जी नदी मुलांनी पाहिलेली नाही आणि कदाचित कधी पाहणारही नाहीत. म्हणजे पोलंडचा वारसा शिकवणारा वर्ग कोल्हापूरला नवा नाही. तो पाच वर्षं इथे भरत होता. तेव्हा तो त्यांच्या भाषेत, त्यांच्या मुलांसाठी होता. आता तो मराठीत, आपल्यासाठी भरावा, एवढंच माझं मागणं.

पोलंडच का, याचं आणखी एक कारण आहे आणि ते थेट संग्रहालयाशी संबंधित आहे. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी हा देश वाटून घेतला. त्यानंतर १२३ वर्षं पोलंड नावाचं राज्य नकाशावर नव्हतं. राज्य गेल्यावर काही वर्षांतच, १८०१ साली, इझाबेला चार्तोरिस्का या सरदार घराण्यातल्या बाईंनी पुवावी गावी आपल्या बागेत देवळासारखी एक गोल इमारत उभी केली आणि तिच्यात जुन्या राजांच्या वस्तू, शस्त्रं, निशाणं, आठवणीच्या चिजा जमवून ठेवल्या. पोलंडचं ते पहिलं संग्रहालय मानलं जातं. दारावर शब्द कोरले होते, त्यांचा आशय असा की भूतकाळ, भविष्यासाठी. राज्य नसलेल्या लोकांनी आपला देश आधी एका खोलीत ठेवला! त्या घराण्याचा संग्रह आज क्राकूव्हमध्ये आहे. लिओनार्दो दा विंचीचं, अर्मिन हा छोटा प्राणी हातात घेतलेल्या स्त्रीचं चित्र त्यातलंच. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ते पळवलं आणि १९४६ मध्ये ते परत आलं.

व्याख्यानांची गोष्ट तर याहून ओढ लावणारी आहे. रशियन अमलाखालच्या वॉर्सामध्ये शिक्षणातून पोलिश भाषा हुसकावून लावली होती आणि मुलींना विद्यापीठाचं दार बंद होतं. १८८०च्या दशकात तिथल्या बायकांनी घराघरांत गुपचूप व्याख्यानं सुरू केली. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा सारखी बदलायची. आज या घरी, उद्या त्या घरी. लोक त्याला उडतं विद्यापीठ म्हणू लागले. त्या वर्गांना जाणाऱ्या मुलींत मारिया स्क्लोदोव्स्का होती. पुढे जग तिला मारी क्यूरी म्हणून ओळखू लागलं आणि १९०३ व १९११ अशी दोनदा तिला नोबेल मिळालं. तिने पहिलेवहिले प्रयोग केले ते वॉर्सातल्या उद्योग आणि शेती संग्रहालयाच्या छोट्या प्रयोगशाळेत. नात्यातला एक भाऊ तिथे काम पाहत होता. कामाच्या दिवशी सवड नसायची, म्हणून ती संध्याकाळी किंवा रविवारी जायची. एका संग्रहालयाने रविवारी एका मुलीला दार उघडं ठेवलं, त्यातून काय उभं राहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वर्गातल्या मुलींना हे सांगायला मला ३५ मिनिटांच्या तासिकेपेक्षा मोठी जागा हवी आहे.

तिसरी गोष्ट वॉर्सा शहराची, आणि ती ऐकताना कोल्हापूरकराला आपलं काही आठवल्याशिवाय राहणार नाही. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी ते शहर ठरवून, एकेक इमारत सुरुंग लावून पाडलं. जुन्या शहराचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. युद्धानंतर लोकांनी ते जसं होतं तसं पुन्हा बांधायचं ठरवलं. पण जसं होतं तसं म्हणजे कसं, हे सांगणार कोण? अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो नावाचा व्हेनिसचा चित्रकार पोलंडच्या राजाच्या दरबारी होता. त्याने वॉर्साच्या रस्त्यांची, वाड्यांची, चौकांची बारकाईने चित्रं काढली होती. ती चित्रं समोर ठेवली गेली. वॉर्सा पॉलिटेक्निकमधल्या वास्तुकलेच्या लोकांनी युद्धाआधी आणि युद्धातही काढलेली मोजमापाची रेखाटनं लपवून वाचवली होती, ती बाहेर काढली. त्यांच्या आधाराने शहर उठलं आणि १९८० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ते जसं होतं तसं उभं राहावं, ही मागणी त्याच रात्री रस्त्यावर जमलेल्या माणसांच्या तोंडी होती. मला वाटतं, वॉर्साची कहाणी त्या क्षणी आपल्याला माहीत असायला हवी होती. कोणती इमारत मोजून ठेवली आहे, कुणाकडे कुठले फोटो आहेत, कुणाच्या स्मरणात विंगेचा कोणता कोपरा आहे, हे इमारत उभी असतानाच गोळा करावं लागतं. आपल्या पेठांतले वाडे, तालमी, घाट, जुनी चित्रपटगृहं यांची अशी नोंद करायला वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना कुणी सांगेल, तर मला वाटतं ते या अभ्यासक्रमातलं वॉर्सावरचं व्याख्यान सांगेल.

बाकीचं भराभर सांगते. यान मातेइको या चित्रकाराने १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईचं जे चित्र १८७८ मध्ये पुरं केलं, ते जवळपास १० मीटर रुंद आहे. युद्धात ते लुब्लिनजवळ दडवून वाचवलं. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना त्यावर दोन तास सहज लागतील. वूच शहरातली फिल्म स्कूल १९४८ साली सुरू झाली, वळिवडं रिकामं झालं त्याच सुमाराला. जिथे महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि प्रभात जन्मली, तिथे त्या शाळेत शिकलेल्या दिग्दर्शक आंद्रे वायदांवर बोलणारे कमी पडणार नाहीत. संगीतकार शोपँची संध्याकाळ गायन समाज देवल क्लबच्या सहकार्याने करावी. खगोलाच्या हौशी मंडळींसाठी कोपर्निकस आहेच. साहित्यात विस्वावा शिंबोर्स्का यांच्या कवितांनी सुरुवात करावी असं माझं मत. त्या समजायला अवघड नाहीत आणि विसरायला फार अवघड आहेत.

आणि एक पोलिश माणूस असा, जो आपल्याच मातीत मिसळून गेला. मॉरिस फ्रीडमन, वॉर्साहून आलेले अभियंता. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३८-३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आणली, तिच्या घडणीत त्यांचा हात होता. पुढे मुंबईत त्यांनीच निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेली. त्यांच्या सहकारी वांदा दिनोव्स्का, ज्यांना गांधीजींच्या वर्तुळात उमादेवी म्हणत, यांचा वळिवड्याच्या छावणीशी संबंध होता. नंतर त्यांनी तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी काम केलं. औंधचं भवानी संग्रहालय आपल्यापासून एका दिवसात जाऊन येण्याइतकं जवळ आहे. अभ्यासक्रमाची एक सहल तिकडे निघू शकते.

आता, हे सगळं एखाद्या सभागृहात का नको, संग्रहालयातच का? व्याख्यानमालांची आपल्याकडे वाण नाही. वक्ता, हार, पाण्याचा तांब्या, आभार, हे आपल्याला चांगलं जमतं आणि त्यातून आपण पुष्कळ शिकलोही आहोत. पण वस्तू समोर असली की शिकणं बदलतं. टाऊन हॉलमध्ये ब्रह्मपुरीवर सापडलेली पोसायडनची ब्राँझमूर्ती आहे. वीतभरही उंच नसलेला, पश्चिमेच्या समुद्रापलीकडून आलेला समुद्रदेव. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा वळिवड्याच्या छावणीत शाळा भरत होत्या. एकाच वर्षी पंचगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वीचे परदेशी संबंध खणून काढले जात होते आणि काही मैलांवर परदेशी माणसं कपडे वाळत घालत होती. हे दोन धागे एकत्र धरून कोल्हापूरचा इतिहास शिकवता येईल, हे त्या मूर्तीसमोर उभं राहिलं की कळतं.

त्या मूर्तीसमोर आणखीही एक गोष्ट कळते. सातवाहन काळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराचा पुरावा म्हणून जगभरचे अभ्यासक तिचा दाखला देतात. पण ती कुणाच्या सामानातून आली, कुणी ती हाती घेतली, कुणी पुजली की नुसती नवलाई म्हणून ठेवली, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. वस्तू आहे, माणूस नाही. वळिवड्याचं नेमकं उलटं आहे. माणसं अजून आहेत, आणि संग्रहालयाच्या कपाटात ठेवायला वस्तू नाहीत. छावणीत मुलं म्हणून वावरलेली ती माणसं आज ऐंशीच्या, नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना पाहिलेले वळिवडे, उचगाव, चिंचवाड भागातले वृद्धही त्याच वयाचे. ही माणसं आणखी किती दिवस सांगू शकतील?

म्हणून अभ्यासक्रमात नाव घालणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्याबरोबर एक काम अंगावर घ्यावं. एक वस्तू, एक फोटो, नाही तर एका माणसाची आठवण नोंदवून आणायची. कुणाच्या माळ्यावर छावणीच्या लिलावातलं टेबल असेल, कुणाच्या आजीकडे पोलिश बाईने शिवून दिलेला फ्रॉक असेल. वस्तू देऊन टाका असं म्हणायचं नाही. फोटो काढावा, मोजावी, मालकाच्या शब्दांत तिची हकिकत लिहावी आणि प्रत संग्रहालयात ठेवावी. नोंद कशी करायची हे संग्रहालयाच्या जाणकारांनी पहिल्या दोन रविवारी शिकवावं. वर्षाअखेर टाऊन हॉलमध्ये याच नोंदींचं छोटं प्रदर्शन मांडता येईल.

हे अशक्य नाही, हे दाखवणारी उदाहरणं आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेने भारतीय कलानिधी नावाचा हिंदीतला अल्पकालीन अभ्यासक्रम चालवला आहे, पदवीची अट पुरी करणाऱ्या कुणालाही त्यात देशाच्या कलेचा वारसा शिकता येत होता. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१७-१८ मध्ये भारत आणि जग यांच्या वस्तू शेजारीशेजारी मांडल्या, आणि २०२३-२४ मध्ये इजिप्त, असिरिया, ग्रीस, रोमची शिल्पं भारतीय शिल्पांच्या जोडीने आणली. तिथे जाऊन ते पाहणं कोल्हापूरच्या चौदा वर्षांच्या मुलाला सहज शक्य नसतं. हिंदीत, इंग्रजीत जे होतं ते मराठीत, आणि मुंबई-दिल्लीत जे होतं ते इथे व्हावं.

आपला वारसा सोडून पोलंड कशाला, असं काही जण विचारतील. विचारणारे माझ्या जवळचेही आहेत आणि त्यांचं प्रेम खरं आहे. त्यांना मी पन्हाळ्याकडे बोट दाखवते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. आता जगाने यावं, तीन दरवाजा पाहावा, अंबरखाना समजून घ्यावा, आपला इतिहास मनापासून ऐकावा, अशी आपली इच्छा आहे. उद्या वॉर्साहून आलेला एखादा माणूस आपल्या आजीचं बालपण शोधत कोल्हापुरात उतरला, तर त्याला पन्हाळ्याची गोष्ट सांगणाऱ्या आपल्या गाइडला त्याच्याही देशाबद्दल दोन शब्द बोलता यावेत. तेव्हा तो पन्हाळा अधिक लक्ष देऊन ऐकेल, याची मला खात्री आहे.

व्यवहाराचं बोलायचं तर मला फार मोठं काही नको आहे. रविवारी सकाळी दोन तास, वर्षात १२ व्याख्यानं. त्यांपैकी एक वळिवडे-गांधीनगरमध्ये फिरत, एक दफनभूमीत आणि महावीर उद्यानात. प्रवेशाला पदवीची अट नसावी, वयाचीही नसावी. शाळेतली मुलं, गाइड, रिक्षावाले, निवृत्त मंडळी, गांधीनगरचे दुकानदार, सगळे एकाच सतरंजीवर. फी एवढीच असावी की ती भरताना कुणाला घरी विचारावं लागू नये. भाषा मराठी. परदेशी पाहुणा आला तर त्याचं बोलणं वाक्यावाक्याला मराठीत सांगणारं कुणी शेजारी बसावं. शिवाजी विद्यापीठाने वक्ते आणि विद्यार्थी द्यावेत, जमल्यास सहभागाचं प्रमाणपत्रही. मुंबईतल्या पोलंडच्या वाणिज्य दूतावासाकडे चित्रांच्या चांगल्या प्रती, नकाशे आणि छावणीचे जुने फोटो मागावेत. मागायला संकोच वाटू नये, वळिवड्याची आठवण त्यांच्याकडेही जपलेली आहे. परीक्षा नको. नोंदवही हवी.

दुसऱ्या वर्षी इटली घेता येईल. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले आणि आर्नोच्या काठी त्यांची छत्री आहे. ब्रह्मपुरीचे रोमन ब्राँझ आहेतच. तिसऱ्या वर्षाचा देश श्रोत्यांनी ठरवावा.

पहिल्या व्याख्यानासाठी ११ नोव्हेंबर ही तारीख सुचवते. १९१८ साली याच दिवशी पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला, आणि वळिवड्याच्या छावणीतल्या शिक्षिकांनी हा दिवस मुलांना नक्की समजावून सांगितला असणार. तोपर्यंत तयारीला वेळ हवा, म्हणून आपण तिघांनी एकदा टाऊन हॉलमध्ये बैठक घ्यावी. तिला माझ्यासारखे शिक्षक, वळिवडे आणि गांधीनगरची जाणती माणसं आणि काही विद्यार्थी यांना बोलवावं. आपला होकार आला की मी आमच्या आणि आजूबाजूच्या शाळांत नावनोंदणीला सुरुवात करते. ज्यांच्या घरी छावणीच्या काळातलं काही आहे, त्या घरांची यादी करायला आमच्या मुलांनी होकार आधीच दिला आहे.

आपली,
कोल्हापुरातील इतिहासाची एक शिक्षिका